खऱ्या झाडाची सैल फांदी

२ डिसेंबर

ताई,

अत्यंत जड अंतःकरणाने कळवतो, की आज सकाळी माझ्या चहात केस निघाला. माझा म्हणावा, तर चहात पडू देण्याइतकी श्रीमंती माझ्या डोक्यावर आता उरलेली नाही. चौकशीअंती असं सिद्ध झालं, की तो थर्मास धुण्याच्या ब्रशाचा होता. आणि ब्रश म्हणजे माझ्या काकांचं, म्हणजे तुझ्या बाबांचं घराणं. तीन पिढ्या ज्यांनी जगाच्या बाटल्या आतून घासल्या, त्यांच्या ब्रशानं सख्ख्या पुतण्याच्या चहात केस गाळावा? मी ही गोष्ट हसण्यावारी नेणार नाही. लेखी खुलासा पाठव. फोन करू नकोस. फोनवर तू मला बोलू देत नाहीस.

बाकी हॉटेलात ठीक. सजावट विभागाचा प्रमुख मी आणि नोकरही मीच, त्यामुळे विभागात एकी आहे. दर नाताळात लॉबीमध्ये आमचं एक प्लास्टिकचं झाड उभं राहायचं. छत्रीसारखं उघडायचं, छत्रीसारखं मिटायचं, आणि छत्रीकडून ठेवावी त्याहून जास्त मायेची अपेक्षा त्याच्याकडून कुणी ठेवत नव्हतं. यंदा नवे साहेब आले. म्हणाले, "पाहुण्यांना खरं झाड हवं." आता ह्या पाहुण्यांची गंमत बघ. थंडीला कंटाळून ते आमच्या घामात येतात, आणि आल्या आल्या त्यांना थंडीतलं झाड हवं असतं.

तर काल ते आलं. वरच्या डोंगरातून तोडलेलं, बर्फाच्या गाडीत निजून. चौघांनी उभं केलं, बुंधा पाण्याच्या पिंपात ठेवला. आणि काय सांगू, लॉबीभर एकदम गार, ओला, हिरवा वास पसरला. क्षणभर सगळेच आपापल्या कुठल्या तरी गावाला गेले. साहेब शिंकले तेव्हा परत आलो.

काकांना नमस्कार. त्यांच्या तपकिरी बुटांची चमक कशी आहे?

तुझा,
भाऊ

*

६ डिसेंबर

दीडशहाण्यास,

खुलासा असा, की तो ब्रश आमचा नाही. आमचा तू महिन्याभरात तुमच्या आचाऱ्याला देऊन टाकलास आणि वर मला सांगितलंस, "फार आवडला त्याला." हा तू रस्त्यावरून घेतलेला असणार. आमच्या ब्रशाचा एक केस ओढून बघ, तार तुटेल पण केस सुटणार नाही. दोन तारांमध्ये केस पसरायचे आणि पीळ द्यायचा, एवढंच तर काम. पण पीळ बसला पाहिजे. तुझ्या चहात जे पडलं ते सैल पिळाचं पाप आहे आणि ते आमच्या माथी मारू नकोस.

फोन मीही करणार नाही, पण कारण वेगळं आहे. बाबा ऐकतात.

कारखाना बंद करून सहा महिने झाले, तुला ठाऊक आहे. साच्यातून निघणाऱ्या ब्रशांपुढे आमचं कोण घेणार? पण बाबांचं मी तुला पुरतं सांगितलं नव्हतं. ते खाटेवर भिंतीकडे तोंड करून बसतात. जेवायला हाक मारली की जेवतात आणि पुन्हा भिंत. बोलणं म्हणशील तर 'हं' आणि 'नको'. बूट खाटेखाली तसेच पडलेत, धूळ खात.

मला जानेवारीपासून दवाखान्यात नोंदी ठेवायचं काम मिळालंय. यंत्राला दोन माणसं लागतात, एक केस धरायला आणि एक पीळ द्यायला. मी गेल्यावर कोण? म्हणून भंगारवाल्याला महिनाअखेर ये म्हणून सांगितलंय. बाबांना अजून बोलले नाही. यंत्र गेलं तर बाबांचं काय होईल ते कळत नाही, आणि ठेवून तरी काय होणार तेही कळत नाही. आजोबांपासूनचं यंत्र आहे रे.

तुझ्या झाडाला पाणी घाल.

ताई

*

९ डिसेंबर

ताई,

चहाचा खटला मागे घेतला.

काकांचं वाचून पत्र दोनदा मिटलं, दोनदा उघडलं. विनोद सुचला नाही. म्हणून माझ्या संकटाकडे वळतो. दुसऱ्याच्या दुःखावर आपलं संकट चोळायचं, एवढा एकच घरगुती उपाय मला येतो.

झाड गळतंय. पाणी घातलं, बर्फ घातला, पंखा लावला. पण हा उकाडा त्याच्या बापजन्मी न पाहिलेला. दुपारी जेवणं झाली की आमची लॉबी पेंगते. पंखे फिरत असतात, बुंध्याशी पसरलेला कापसाचा बर्फ श्वास घेतल्यासारखा हलके वरखाली होतो, टेबलामागची मुलगी उघड्या डोळ्यांनी झोपलेली असते, आणि काचेबाहेर समुद्र नुसता पांढरा दिसतो. त्या शांततेत झाड गळतं. सुईएवढं पान ते, पण फरशीवर पडलं की आवाज होतो गं. टिक्. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा टिक्. परवा मी तिथंच खुर्चीत डोळे मिटले, तर वाटलं की कुणीतरी लांबच्या खोलीत बसून एकेक टाका उसवतंय.

काचेकडची बाजू पार उघडी पडली आहे. साहेब म्हणाले, "नाताळापर्यंत हे हिरवं दिसलं नाही, तर सजावट विभागाची गरजच काय?" विभाग म्हणजे मी, हे त्यांना माहीत आहे. पन्नाशीत मला दुसरीकडे कोण उभं करणार? मी काही छत्री नाही.

म्हणून वेड्यासारखा एक प्रश्न विचारतो. तुमच्या यंत्रावर हिरवी फांदी होईल का? तार तीच, पीळ तोच, केस मात्र हिरवे आणि लांब. बुंध्याला भोक पाडून खोचून देईन. चार दिवस निभतील. त्याहून जास्त नाही, कारण पहिला पाहुणाच ओळखेल, "अहो, हा तर बाटलीचा ब्रश!" पैज लावतो. नाताळ संपेपर्यंत कुणीच ओळखलं नाही, तर मी स्वतः येऊन काकांच्या बुटांना पॉलिश करीन.

भाऊ

*

१२ डिसेंबर

दीडशहाण्यास,

सोबतच्या खोक्यात पाच फांद्या आहेत. नायलॉनचे हिरवे केस मागच्या कपाटात पोतंभर पडून होते, कुणीतरी मागणी देऊन न नेलेले. शेजारणीला केस धरायला बसवलं आणि मी पीळ दिला. ती सारखी बोलत होती, त्यामुळे एक फांदी तिच्या बहिणीच्या लग्नासारखी वाकडी झालीय.

पैज बाबांना वाचून दाखवली. तोंड भिंतीकडेच. पण यंत्र चालू होतं तेव्हा आतल्या खोलीतून खोकल्याचा आवाज आला. दोनदा.

मी विचारलं, "पाणी हवं का?"

"नको."

आणखी करून पाठवते.

ताई

*

१६ डिसेंबर

ताई,

तुझ्या पहिल्या पाच फांद्या बघून मी कपाळाला हात लावला. सरळ, ताठ, कवायतीला उभ्या! त्या पडद्याच्या बाजूला लावल्या, जिथे फक्त झाडूवाल्याची नजर जाते, आणि तो सभ्य माणूस आहे.

पण काल आलेलं दुसरं खोकं! चिठ्ठीसुद्धा न घालता पाठवलंस, आणि आत हे? अगं, या फांद्या टोकाला जड होऊन झुकतात. वरच्या बाजूचे केस दाट, खालचे विरळ, जसं ऊन मिळेल तसं. एकीला मध्येच फाटा फुटलाय. आणि एक फांदी वाळकी! तू मुद्दाम तपकिरी, अर्धी झडलेली, वाळकी फांदी करून पाठवलीस. इतकी हुशार तू कधी झालीस? लहानपणी तुझ्या चित्रातली गाय कोणती आणि पाट कोणता, हे मास्तरांना विचारावं लागायचं.

दुपारची पेंग चढली की मी माझं काम करतो. एक उघडी फांदी काढायची, एक तुझी खोचायची. अर्ध्या झोपेतली माणसं बघतात आणि बघत नाहीत. गळलेली पानं मी फडक्यात बांधून दिव्याजवळ लपवली आहेत. ऊब लागली की वास येतो. काल साहेब तुझ्या वाळक्या फांदीपुढे उभे राहिले, खोल श्वास घेतला आणि तीनदा शिंकले. म्हणाले, "खऱ्याची हीच तर गंमत आहे. प्लास्टिकनं मी कधी शिंकलो नाही." मी मान डोलावली. नायलॉनबद्दल ते काही बोलले नव्हते.

खोकी येऊ देत. आता झाडात झाड थोडंच उरलंय.

भाऊ

*

१९ डिसेंबर

दीडशहाण्यास,

हुशार झाले नाही. त्या फांद्या माझ्या नव्हेत.

पहिलं खोकं पाठवल्याच्या दुसऱ्या दिवशी मी आणि शेजारीण यंत्रावर बसलो होतो. आतून आवाज आला, "सैल."

मी थांबले. मग पुन्हा, "पीळ सैल आहे. इथपर्यंत ऐकू येतोय." आणि बाबा उठून आले, भिंतीवर हात टेकत टेकत. शेजारणीला म्हणाले, "तुम्ही घरी जा बाई, तुमचा नवरा वाट बघत असेल." तिला नवरा नाही. ती निमूट गेली.

तेव्हापासून आम्ही दोघं. मी केस धरते, ते पीळ देतात. त्यांनी सांगितलं म्हणून टेकडीवरून खऱ्या झाडाची एक फांदी तोडून आणली. ती रात्रभर त्यांनी उशाशी ठेवली, बोटांनी चाचपली, उलगडली, हुंगली. मग म्हणाले, "हे झाड समोरून कामसू आणि मागून आळशी आहे. तुझ्या काकांसारखं." म्हणजे तुझ्या वडिलांसारखं. वाळकी फांदी करायला घेतली तेव्हा मी म्हटलं, बाबा, ही कशाला? तर म्हणाले, "ज्या घरात कुणी आजारी नाही, ते घर खरं वाटतं का?"

काल जेवताना दोन वाक्यं सलग बोलले.

पण एक सांगू? मला भीती वाटते. झाड पुरं झालं की काय? तुमचा नाताळ संपेल आणि पुन्हा भिंत. भंगारवाल्याला मी शब्द दिलाय. बाबा रोज यंत्राला तेल देतात आणि मला बघवत नाही.

आणि आता त्यांना झाड बघायला यायचंय.

ताई

*

२१ डिसेंबर

ताई,

आणू नकोस. हात जोडतो. काका लॉबीत उभे राहून म्हणतील, "ही फांदी मी केली, तीही मी केली," आणि संध्याकाळी मी रस्त्यावर. त्यांचा आवाज यंत्रावर मात करायला घडलेला आहे, कुजबुजले तरी समुद्रापर्यंत जातो.

झाड पुरं झालं. बुंधा खरा, बाकी सारं काकांचं. एकच खरी फांदी ठेवली आहे, छातीच्या उंचीवर, समोर. कुणी हात लावायचा हट्टच धरला तर दाखवायला. आणि ती कशी कोण जाणे, अजून हिरवी आहे. बाकीच्या गेल्या तरी हिची जिद्द सुटत नाही. दुपारी तिच्याकडे बघत बसलं की इतर सगळ्या फांद्या तिच्यामुळे श्वास घेतायत असं वाटतं. मग माझी मलाच लाज वाटते आणि मी कापूस झटकायला जातो.

हे पत्र पुन्हा वाचलं. 'आणू नकोस' असं मी काकांबद्दल लिहिलंय. सहा महिन्यांनी भिंतीकडून वळलेल्या माणसाला.

पाठव. दुपारी ये म्हणावं.

भाऊ

*

२३ डिसेंबर

दीडशहाण्यास,

पंचवीसला सकाळच्या बसनं बाबा एकटेच येतील. रात्री तुझ्याकडे ठेवून घे आणि दुसऱ्या दिवशी दुपारी परत पाठव. मी येत नाही.

कारण तुला सांगते, त्यांना नको. भंगारवाला सव्वीसला सकाळी येतो म्हणाला. ते घरात नसताना यंत्र हललेलं बरं. डोळ्यांदेखत नको.

मला वाईट म्हणू नकोस. मीच म्हणतेय ते पुरे.

ताई

*

२५ डिसेंबर

ताई,

तुला चार वेळा फोन केला. तू उचलत नाहीस. मीच असेन हे ओळखून उचलत नसशील. हे पत्र काकांच्या पिशवीत घालतोय, म्हणजे ते पोचेल तेव्हा जे व्हायचं ते होऊन गेलेलं असेल. तरी लिहितो.

काका आले. तपकिरी बूट, धुळीनं राखाडी. संगमरवरावर करकरत चालत आले आणि झाडापुढे उभे राहिले. ते काहीच बोलले नाहीत! समोरच्या खुर्चीत बसले आणि म्हणाले, "बघू कोण ओळखतंय."

जेवणवेळेपर्यंत बसले. माणसं येत गेली. फोटो काढले, मुलांना उचलून चांदणी दाखवली. एक बाई नवऱ्याला म्हणाली, "बघ, देवाची करणी." काका खुर्चीत ताठ झाले. मला म्हणाले, "काय म्हणाली?"

"देवाची करणी म्हणाली."

"आयुष्यभर ब्रश केले, एकावर कधी नाव नव्हतं. आता नाव आलं तर ते देवाचं!"

मग थंड देशातली एक म्हातारी काठी टेकत आली. डोळे मिटून झाडाजवळ तोंड नेलं. बराच वेळ तशीच उभी. माझं फडकं तिच्या पायांशी, दिव्याशेजारी ऊब घेत होतं. तिचे डोळे ओले झाले. मला तिच्या भाषेत काही बोलली आणि गेली.

"ही काय म्हणाली?"

"म्हणाली, लहानपणचं घर आठवलं."

"माझं काही नाही?"

"नाही, काका."

ते पैज जिंकत होते आणि जिंकता जिंकता त्यांचा चेहरा उतरत चालला होता. कुणी ओळखलं तर हार, आणि नाही ओळखलं तर आपण कुणीच नाही. अशी पैज मी लावली होती, आणि मला वाटत होतं मी विनोद केला.

पेंग चढायच्या वेळेला लॉबी रिकामी झाली. समुद्र पांढरा. टेबलामागची मुलगी तिच्या नेहमीच्या गावाला गेलेली. काका उठले आणि झाडाजवळ जाऊन एकेक फांदी बोटांनी चाचपू लागले. डोळे मिटून, जशी आजी आपल्याला आंघोळीनंतर चाचपून बघायची ना, ओलं कुठे राहिलंय का, तसे. मी म्हटलं, आता ह्या फांद्या वळून त्यांच्या हाताखाली येतील. झोप मलाही लागली असेल.

आणि ते थांबले. छातीच्या उंचीवर, समोर.

"ही कुणी केली?"

मी कापूस झटकायला वाकलो.

"बघ ना. एका बाजूला केस जास्त, दुसरीकडे टक्कल. आणि पीळ? पीळ नावाला नाही! हात लावला की केस हातात येतोय." त्यांनी खरंच दोन हिरवी पानं चिमटीत धरून मला दाखवली. "ही पोरीच्या हातची. मी नसताना केलीय तिनं. माझ्या झाडाला बट्टा लावला!"

ताई, ती खरी फांदी होती. एकमेव. देवाच्या हातची.

मी तोंड उघडलं आणि मिटलं. कारण काका हसत होते. रागावून हसत होते, आठवतंय, आपण मोडलेलं काही सापडलं की हसायचे तसे. म्हणाले, "तिला वाटतं, तिला येतं! नोकरीला जायच्या आधी सकाळी दोन तास बसवतो यंत्रावर. उद्या गेल्या गेल्या. पीळ शिकल्याशिवाय सोडत नाही तिला."

उद्या, ताई. गेल्या गेल्या.

फोन उचल.

भाऊ

*

२८ डिसेंबर

दीडशहाण्यास,

फोन तूच करतोयस हे माहीत होतं, म्हणूनच उचलला नाही. तू हसवलं असतंस आणि मग मला भंगारवाल्याला नाही म्हणावं लागलं असतं.

तो आला, हातगाडी आणि दोन माणसं घेऊन. मी कारखान्याचं दार उघडलं. एकानं यंत्राच्या मुठीला हात घातला आणि म्हणाला, "बाई, यात काहीतरी अडकलंय."

बघितलं तर तारा लावलेल्या, हिरवे केस पसरलेले, आणि पीळ अर्धाच दिलेला. अर्धी फांदी. बाबांनी जन्मात कधी यंत्रात काम अर्धं ठेवलेलं नाही. ताप असला तरी शेवटचा पीळ देऊन मग झोपायचे. अर्धा पीळ सोडला तर तार मागे फिरते आणि सगळे केस गळतात, म्हणून आमच्यात अर्धं काम यंत्रातून काढत नाहीत. पुरं करायचं, मग हलवायचं. हे मला भाषा यायच्या आधीपासून येतं, आणि त्यांना हे माहीत आहे.

विसरले की ठेवून गेले, हे मी विचारलं नाही. तूही विचारू नकोस.

मी भंगारवाल्याला म्हटलं, "काम अर्धं आहे." तो म्हणाला, "मग पुरं करा, थांबतो." मी म्हटलं, "हे पुरं व्हायला वेळ लागेल." दारात पुष्कळ बडबडला. शब्द मोडला मी. शेजारणीनं माझ्या वतीनं भांडून घेतलं, तिला आवडतं.

दुपारी बाबा आले ते बूट काढायच्या आधी ओरडतच. आधी मला काही कळेना. मी केलेल्या पाचही तू पडद्याकडे लावल्या होत्यास ना? मग पिशवीतलं तुझं पत्र वाचलं, मोरीत जाऊन. बाहेर आले आणि म्हटलं, "हो बाबा, माझीच ती. चुकलं."

देवाच्या वतीनं शिव्या खाल्ल्यायत मी, लक्षात ठेव.

आता रोज सकाळी बसते. आज म्हणाले, "त्यापेक्षा बरी आहे." त्यापेक्षा म्हणजे कशापेक्षा, ते फक्त तुला आणि मला ठाऊक.

पण करायचं काय, हे सांग. पोतं संपत आलं, आणि नाताळही.

ताई

*

१० जानेवारी

ताई,

काल तुमच्याकडे बोलायचं राहून गेलं, कारण बोलत तू होतीस. म्हणून लिहितो.

झाड उतरवलं. बुंधा मी बसवर चढवून पुढे पाठवला होता, तो काकांना पसंत पडला. ब्रशांच्या दांड्यांना चांगला आहे म्हणाले. ती एक फांदी मात्र मी ठेवून घेतली. उतरवताना हातात घेतली आणि तिनं उरलीसुरली सगळी पानं एकदम सोडली, टिक् टिक् नाही, एकदम, उसासा टाकावा तशी. पीळ खरंच सैल होता गं.

साहेब खूश आहेत. पुढच्या नाताळाला लॉबीत एक आणि बागेच्या दारात एक, अशी दोन 'खरी' झाडं हवीत म्हणाले. मी सांगितलं, "ओळखीची एक बाग आहे. पण आत्तापासून लावायला घ्यावी लागतील." हिरव्या केसांचं पोतं आठवड्यात पोचेल. वाळक्या फांद्या किती घ्यायच्या ते काकांनी ठरवावं, आजारपणातलं त्यांना जास्त कळतं.

आणखी एक. काल तू चहा करायला आत गेलीस आणि दूध उतू घालवून आलीस, तेवढ्या वेळात मी खाटेखालून बूट ओढले. काका यंत्रावर होते, पाठ माझ्याकडे. तुमच्याच घरातला ब्रश घेतला, उंबऱ्यावर बसलो आणि आवाज न करता घासले, आधी धूळ, मग पॉलिश. एक केस सुटला नाही. ठेवून देणार तेवढ्यात काका मान न वळवता म्हणाले,

"टाच राहिली."

मग टाचही केली.

भाऊ